फॉस्फरस तपासला का?

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही आपा म्हणतो. तिचं सासर सोलापूरचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या टाचा दुखायला लागल्या. मग कंबर, मग बरगड्या. रात्री कूस बदलली तरी कण्हायची. जमिनीवरून उठायचं तर आधी गुडघ्यावर हात, मग भिंतीला हात. चालताना दोन्ही बाजूंना डोलत चालायची. खुर्चीवर बसून नमाज पढायला लागली तेव्हा तिचं वय होतं ३४.

पहिल्या डॉक्टरांनी तिच्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, "बुरखा घालता ना?" ती हो म्हणाली आणि निदान झालं. ऊन मिळत नाही, ड जीवनसत्त्व कमी, मग हाडं दुखणारच. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्या आणि सकाळी गच्चीवर बसा. तिने दोन्ही केलं. तीन महिन्यांनी रिपोर्टमधलं ड जीवनसत्त्व वर आलं, दुखणं होतं तिथंच राहिलं. तरी पुडी चालूच. दुसऱ्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. तिसऱ्यांनी एमआरआय काढून 'मणक्यात गॅप आहे' म्हणून कंबरेला पट्टा दिला.

घरातली निदानं वेगळी होती. सासूबाई म्हणायच्या, "दो बच्चों में ही थक गई?" शेजारणीने एका आमिलचा पत्ता दिला. त्याने करणी सांगितली, तावीज दिलं, पढलेलं पाणी दिलं, पैसे घेतले. दुल्हाभाई भले माणूस, पण नातेवाइकांत त्यांच्या दुसऱ्या निकाहाची कुजबुज सुरू झाली होती. आपाला सगळं ऐकू यायचं. आम्ही माहेरचे काय करत होतो? मी पुण्यात बसून दर रविवारी फोनवर विचारायचो, "औषध घेतेस ना वेळेवर?"

चौथ्या वर्षी एका सकाळी न्हाणीच्या उंबऱ्यावरून पाय खाली टाकताना तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती पडली नव्हती, घसरलीही नव्हती. मग कुणीतरी बोन स्कॅन करायला सांगितलं. त्यात बरगड्या, खुबा, पायाची हाडं, सगळीकडे काळे ठिपके आले. 'कॅन्सर पसरल्याची शक्यता नाकारता येत नाही,' असं रिपोर्टात लिहिलेलं. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने तिला मुंबईला आणलं, ते कॅन्सरच्या भीतीनेच. परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात हार्मोनच्या विभागातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आमची जाडजूड फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "यात फॉस्फरस कुठंय?"

चार वर्षांत आपाचं रक्त किती वेळा काढलं असेल, मोजदाद नाही. कॅल्शियम होतं, साखर होती, थायरॉइड होतं. अल्कलाइन फॉस्फेटेज प्रत्येक वेळी वाढलेलं होतं, त्याच्यापुढे चांदणीही छापलेली होती. 'लिव्हरचं असेल' म्हणून सगळे पुढे गेले होते. फॉस्फरस मात्र एकदाही तपासलेला नव्हता. ही तपासणी दोन-तीनशे रुपयांत होते. आपाचा आकडा आला १.४. मोठ्या माणसात तो साधारण अडीच ते साडेचारच्या दरम्यान असायला हवा.

गाठ एकीकडे, दुखणं दुसरीकडे

डॉक्टरबाईंनी मला जे समजावलं ते इथे सांगतो, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

आपलं हाड म्हणजे आरसीसीचं बांधकाम समजा. आत प्रथिनांच्या सळया आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचं सिमेंट. फॉस्फेट कमी पडलं की सळया तयार होतात पण सिमेंट बसत नाही. हाड मऊ राहतं, वजन पेलताना त्याला बारीक तडे जातात. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो हे खरंच आहे. पण ते एकमेव कारण नाही.

हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं एक हार्मोन निघतं. ते मूत्रपिंडाला निरोप देतं की फॉस्फेट जास्त झालंय, लघवीतून सोडून दे. क्वचित एखाद्याच्या शरीरात, हाडात किंवा मऊ मांसात, एक छोटी गाठ तयार होते आणि ती हाच निरोप दिवसरात्र पाठवत राहते. मूत्रपिंड इमानेइतबारे फॉस्फेट फेकत राहतं. वर हेच हार्मोन ड जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात येऊ देत नाही, म्हणून पुड्या घेऊन रिपोर्ट सुधारतो, माणूस सुधारत नाही. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पसरत नाही, अनेकदा स्वतः दुखतही नाही. दुखतं ते बाकीचं सगळं शरीर.

हा आजार दुर्मीळ आहे. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले रुग्ण हजाराच्या आसपास. निदानाला सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ जातो, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे आपाची चार वर्षं अपवाद नव्हती.

हा घोटाळा जुनाही आहे. १९४७ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट मॅकान्स या डॉक्टरांनी अशाच एका तरुण मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. तिलाही ड जीवनसत्त्वाचे मोठाले डोस दिले गेले होते. मांडीच्या हाडातली गाठ काढल्यावर ती बरी झाली, तरी मॅकान्स यांचा समज राहिला की दोष ड जीवनसत्त्वाला दाद न देण्याचा आहे. गाठच दोषी असते हे १९५९ साली आंद्रेआ प्राडर यांनी ओळखलं, एका अकरा वर्षांच्या मुलीच्या बरगडीतल्या गाठीवरून. त्या दोघींपैकी कुणीच बुरखा घालत नव्हतं.

तयार उत्तर

माझं म्हणणं एवढंच आहे: आपाची चार वर्षं आजाराने कमी खाल्ली, तयार उत्तरांनी जास्त खाल्ली.

पहिल्या डॉक्टरांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणत नाही. ते सभ्य होते, फीसुद्धा कमी घेत. अंग झाकून राहणाऱ्या बाईला ऊन कमी मिळतं, हेही खोटं नाही. आपल्याकडच्या बायकांनी ड जीवनसत्त्व तपासून घेतलंच पाहिजे. पण याच देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सगळ्या धर्मांच्या, बुरखा न घालणाऱ्या, अगदी पुरुषांच्या रक्तातही सर्रास सापडते. तेव्हा बुरखा ही शंका घेण्याची सुरुवात असू शकते. त्या डॉक्टरांनी तिथंच तपास संपवला. ड जीवनसत्त्व वर येऊनही दुखणं तसंच राहिलं, त्या दिवशी ते उत्तर चुकीचं ठरलं होतं. पण समोर बुरखा दिसत होता, म्हणून उत्तर बदलावंसं कुणाला वाटलं नाही.

मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. आमच्याकडे एखादी तक्रार 'नेहमीचंच आहे' म्हणून बंद केली आणि ती पुन्हा आली, तर पहिला प्रश्न बंद करणाऱ्याला विचारला जातो. आपाची तक्रार चार वर्षं परत परत येत होती आणि दर वेळी तेच कारण लिहून बंद होत होती.

आता आपल्या घरात येऊ, कारण फक्त डॉक्टरांकडे बोट दाखवून थांबणं मला पटत नाही. 'बाईचं दुखणं असायचंच', 'कामाचा कंटाळा', 'नजर लागली', 'करणी', 'अल्लाहची मर्जी' ही आपली तयार उत्तरं. त्यातलं शेवटचं सर्वांत सोयीचं, कारण त्याला उलट विचारायची कुणाची हिंमत होत नाही. पण इलाज करणं ही आपल्या नबींची शिकवण आहे, आणि तवक्कुलच्या आधी उंट बांधायचा असतो, हे मदरशात पहिल्या वर्षाला गेलेलं मूलही सांगेल. आमिलकडे जाण्यात आमचे सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत हाड मोडायच्या जवळ आलं असणार. डॉक्टरांनी बुरखा बघून पूर्णविराम दिला आणि आपण बाई बघून दिला, यात मला फार फरक दिसत नाही.

यंत्रालाही प्रश्न विचारावा लागतो

फॉस्फरस कमी आल्यावर लघवीतून किती जातो ते मोजलं, एफजीएफ-२३ तपासलं. ते वाढलेलं होतं. आता गाठ शोधायची. एवढीशी गाठ डोक्यापासून पायापर्यंत कुठेही असू शकते. इथे न्यूक्लिअर मेडिसिनचं काम सुरू होतं.

आमचा आधीचा बोन स्कॅनसुद्धा न्यूक्लिअर मेडिसिनचाच होता. त्यात टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ देतात, आणि जिथे हाडाची मोडतोड-दुरुस्ती चालू असेल तिथे तो जमतो. आपाची हाडं जागोजागी तडकत होती, म्हणून जागोजागी ठिपके आले. हाड कुठे कामाला लागलंय हे यंत्राने बरोबर सांगितलं होतं. ते का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. फॉस्फरसचा आकडा शेजारी नसल्याने त्या ठिपक्यांचं कॅन्सर झालं.

दुसऱ्या स्कॅनचं नाव गॅलियम-६८ डोटाटेट पेट सीटी. अशा गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर नावाची कुलपं बऱ्याच प्रमाणात असतात. डोटाटेट हा त्या कुलपात बसणारा रेणू, आणि त्याच्या पाठीवर गॅलियमचा किरणोत्सारी अणू बांधलेला. शिरेतून इंजेक्शन देतात, साधारण तासभर थांबवतात. तेवढ्यात तो रेणू कुलपांपाशी जाऊन बसतो. गॅलियममधून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतालच्या कड्यातल्या दोन डिटेक्टरना ते एकाच क्षणी लागले की त्या दोघांमधल्या रेषेवर कुठेतरी तो अणू होता, एवढं कळतं. अशा लाखो रेषांवरून संगणक चित्र जुळवतो. आमच्याच धंद्यातलं गणित आहे ते. बहिणीसाठी बाहेर बाकावर बसेपर्यंत मी कधी त्याचा विचार केला नव्हता.

स्कॅनच्या चिठ्ठीवर डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, दोन्ही हातांसह.' नेहमीचा पेट स्कॅन बऱ्याचदा मांडीच्या मध्यापर्यंतच काढतात, आणि या गाठी पायात वारंवार सापडतात. आपाची गाठ डाव्या पावलात निघाली, चिंचोक्याएवढी. नेहमीसारखा स्कॅन झाला असता तर रिपोर्टात 'काही आढळलं नाही' असं आलं असतं आणि आम्ही पाचव्या वर्षात गेलो असतो.

या स्कॅनलाही मर्यादा आहेत. मोडलेल्या, भरत आलेल्या हाडातही तो चमकू शकतो, म्हणून सापडलेल्या जागेचा वेगळा एमआरआय करून खात्री करावी लागली. काहींची गाठ पहिल्या स्कॅनमध्ये सापडतच नाही. त्यांना फॉस्फेटची औषधं घेत पुन्हा शोध घ्यावा लागतो. बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन निघालंय, ते एफजीएफ-२३ला अडवतं, पण सामान्य घराला परवडणारं नाही. गाठ सापडून पूर्ण निघाली तर मात्र गुण येतो. आपाचा फॉस्फरस ऑपरेशननंतर काही दिवसांतच वर यायला लागला. हाडं भरायला पुढचे काही महिने लागले.

हे सगळं आपल्या राज्यात होतं. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१४ साली अशा नऊ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साखरेवर चालणाऱ्या नेहमीच्या पेट स्कॅनपेक्षा हे रिसेप्टर शोधणारे स्कॅन गाठ पकडण्यात सरस ठरतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे आपा सोलापुरात पुड्या घेत होती तेव्हा तिच्या प्रश्नाचं उत्तर एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर छापून तयार होतं.

भीती आणि खर्च

'न्यूक्लिअर' शब्द ऐकून आमच्या अम्मीने जपमाळ काढली. तिच्या डोक्यात बॉम्ब होता. परळमध्येच १९६३ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे; देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन तिथेच २००२ साली बसला. अणू फक्त बॉम्बसाठी नसतो, हे अम्मीला मी त्या इमारतीपासून थोड्याच अंतरावर उभं राहून सांगितलं.

गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. बारा तासांत हजारावा भागही उरत नाही. किरणोत्सार शून्य नसतो, म्हणून विनाकारण स्कॅन करू नये. गरोदर असाल, तशी शंका असेल किंवा बाळाला पाजत असाल तर इंजेक्शनआधी सांगायलाच हवं. स्कॅननंतर काही तास लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून दूर राहायला सांगतात, ते पाळावं. पडद्याची काळजी असेल तर लाजू नका. धातू नसलेले सैल सुती कपडे, पिनेविना दुपट्टा चालेल का, बाई टेक्निशियन मिळतील का, हे आधी विचारा. आपाने विचारलं, त्यांनी सोय केली. न विचारता स्कॅन टाळणाऱ्या बायका मला त्या बाकावरच भेटल्या.

खर्चाचं सांगायचं तर हा स्कॅन महाग आहे. खासगी केंद्रात त्याला हजारो रुपये लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, त्यामुळे बाहेर काढलेला स्कॅन तिच्यात बसेलच असं नाही. आधी आरोग्यमित्राला विचारा, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. ट्रस्टांना द्यायची पत्रं तिथूनच मिळतात. आणि आपली जकात? ती जिला लागू होते अशा गरीब रुग्णाच्या हाती ती देता येते. दर रमजानला मोहल्ल्यात जमणाऱ्या रकमेतून वर्षाला दोन-तीन जणींच्या तपासण्या सहज होतील.

आपण काय करायचं

प्रत्येक हाडदुखीला पेट स्कॅन मागा असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेकांची हाडदुखी साध्या कारणांची असते आणि साध्या औषधाने जाते. पण ड जीवनसत्त्व नीट घेऊनही काही महिन्यांत फरक पडला नाही, मांड्यांत ताकद उरली नाही, चाल बदलली, न पडता हाड मोडलं, तर डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: "फॉस्फरस तपासला का?" ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करतात. कमी आला तर कारणं अनेक असू शकतात, ती शोधणं डॉक्टरांचं काम. त्यासाठी हार्मोनच्या तज्ज्ञांकडे, एंडोक्रायनॉलॉजी विभागात पाठवायला सांगा. प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही. परळच्या त्या डॉक्टरबाईंना माझ्या प्रश्नांचा राग आला नाही. मी लिहून आणले होते म्हणून उलट त्यांचं काम सोपं झालं.

आपल्या चळवळीत आपण तलाकवर बोलतो, वारसाहक्कावर बोलतो, मुलींच्या शिक्षणावर बोलतो. बाईच्या दुखण्याला कुणी कसं ऐकलं नाही, हाही त्याच यादीतला विषय आहे. ज्या घरात बाईचं 'दुखतंय' हे वाक्य खरं मानत नाहीत, तिथे तिचं कुठलंच वाक्य खरं मानत नाहीत. याला कायदा लागत नाही, मोर्चा लागत नाही. तुमच्यापैकी अनेक जण शिकलेले आहात, फोनवर अर्ज भरता, रिपोर्ट वाचता. गल्लीतल्या एका बाईची फाइल घेऊन बसा. तारखेप्रमाणे कागद लावा. कुठल्या रिपोर्टात काय चढलंय, काय उतरलंय, काय तपासलंच नाही, ते एका पानावर लिहा. तिच्यासोबत ओपीडीच्या रांगेत उभे राहा. ही कामं मी चार वर्षं आधी केली असती तर आपाचा खुबा मोडला नसता. तिची फाइल मी पहिल्यांदा उघडली ती सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या बर्थवर.

आपा आता काठी न घेता चालते. दुसऱ्या निकाहाची कुजबुज करणारे नातेवाईक तिच्या हातची बिर्याणी खायला येतात आणि ती वाढतेही. खुब्यात घातलेला रॉड थंडीत दुखतो. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई भिंतीला धरून चालताना तिला दिसली. आपाने तिला घरात बोलावलं, चहा दिला आणि तिची फाइल मागितली. मग मला फोन केला, "याच्यात पण फॉस्फरस नाहीये रे."